तोच हा

सातारा जिल्ह्यातील एका गावी, माझ्या एका स्नेह्यांच्या वडिलोपार्जित घराच्या माजघरात, देव्हाऱ्याच्या डाव्या अंगास, शिसवी चौकटीत बसविलेले एक छायाचित्र कित्येक वर्षे टांगलेले आहे. आणि त्या घरी जाण्याचा योग जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा चहाचा पेला हाती येईपर्यंतचा वेळ मी त्याच्याकडे पाहण्यात घालविला आहे. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला एक सडपातळ जवान, कमरेवर हात ठेवून, एका विमानाला पाठ देऊन उभा आहे. विमानाचे नाक उजवीकडे, पंखाचे एक टोक जवानाच्या पलीकडे डोकावते आहे, आणि विमानाच्या अंगावरचा काळा क्रूस इतका ठसठशीत आहे की ते जर्मनांचे, हे सांगण्यास पंडिताची गरज पडू नये. चित्राच्या पाठीवर बाळबोध अक्षरांत ‘लिबिया, उन्हाळा १९४१’ एवढाच मजकूर. मराठ्यांच्या पलटणी त्या युद्धात केरनच्या डोंगरापासून तोब्रुकपर्यंत लढल्या आणि १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुक पडले तेव्हा एक सबंध पलटण शत्रूच्या कैदेत गेली, हा इतिहास जाणत्यांस ठाऊक आहे. तेव्हा लिबियाच्या वाळवंटात साताऱ्याचा जवान उभा असावा, ह्यात आश्चर्य काहीच नाही. घरातील दंतकथा मात्र त्याच्यापुढे एक पाऊल टाकते. हे विमान आजोबांनी पाडले, असे त्या घरातील प्रत्येक मूल बोलू लागल्यापासून ऐकत आले आहे.

त्या जवानाच्या पत्नी, म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या आजी, तेव्हा हयात होत्या, आणि त्यांची ह्या चित्राविषयी एकच तक्रार होती. ‘‘समदं ह्यांचंच हाय, पर घड्याळ न्हाई. ह्यांनी घड्याळ कवा उजव्या हाताला बांदलं न्हाई,’’ असे त्या म्हणत, आणि घरातील मंडळी, वयोमानाने असे व्हावयाचेच, अशा नजरेने एकमेकांकडे पाहत. चित्रातील घड्याळ उजव्या मनगटावर होते, हे कोणालाही दिसत होते. डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीपुढे म्हातारीच्या आठवणीची काय किंमत!

इंग्लंडात पुष्कळ वर्षे स्थायिक झालेले आणि यंत्रशास्त्राच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. महायुद्धात दोस्तांनी हस्तगत केलेली जर्मन विमाने जुन्या छायाचित्रांवरून ओळखावयाची, हा त्यांचा छंद. ह्या चित्राची एक प्रत मी त्यांस पाठविली, आणि उत्तरादाखल त्यांचे चार पानांचे पत्र आले, ज्याचा आरंभच असा होता की, आजोबा अर्धे पाऊल बाजूस सरून उभे राहिले असते तर फार उपकार झाले असते. जर्मन लढाऊ विमानाच्या अंगावर क्रूसाच्या पुढे जो ठळक अंक रंगविलेला असे, तो अंक नेमका आजोबांच्या खांद्यामागे गेला होता. आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर बारीक आकड्यांत कारखान्याचा जो अनुक्रमांक लिहिलेला असे, ती शेपटी सबंधच्या सबंध, चित्र चौकटीत बसावे म्हणून, कोणी तरी कात्रीने छाटून टाकली होती. घरच्यांना हवा होता तो माणूस चित्रात होता. ह्या गृहस्थांना हवे होते ते त्या माणसाने झाकले होते, नाही तर कात्रीने नेले होते.

तथापि हा मनुष्य हार खाणारा नव्हता. त्यांचे पत्र वाचता वाचता मला जुन्या नैयायिकांची आणि मीमांसकांची आठवण वारंवार येत होती, कारण आपल्या शास्त्रकारांनी ज्ञानाची जी जी साधने, ज्यांना ते प्रमाणे म्हणत, बारकाईने वेगळी केली, ती सारी ह्या गृहस्थांनी नाव न घेता कामास लावलेली होती. पंखाचे टोक गोलसर आहे, एवढे प्रत्यक्ष. मेसरश्मिट १०९ ह्या विमानाच्या ‘ई’ जातीचे पंख टोकाशी चौकोनी कापल्यासारखे असतात, त्यानंतरच्या ‘एफ’ आणि ‘जी’ जातींचे गोल. यावरून हे ‘ई’ नव्हे, हे अनुमान. ‘ई’ जातीच्या शेपटीखाली आधाराची एक तिरपी दांडी असते आणि पुढील जातींत ती नसते. पण येथे दांडी दिसत नाही म्हणून ती नाहीच, असे म्हणता येत नाही, कारण शेपटीच कात्रीने नेली आहे. जमिनीवर घट नाही हे घटाच्या न दिसण्यावरून कळते खरे, परंतु घट असता तर तो दिसला असता अशी परिस्थिती असेल तरच, हा अनुपलब्धीचा नियम भाट्ट मीमांसकांनी घालून दिला. अंधाऱ्या खोलीत न दिसलेला घट काहीच सिद्ध करीत नाही. राहिला पाठीवरचा मजकूर, म्हणजे शब्दप्रमाण. तेथे त्यांनी स्पष्टच लिहिले की ‘एफ’ जातीची विमाने घेऊन जर्मनांची पहिली तुकडी आफ्रिकेत आली ती १९४१ च्या सप्टेंबरात, तेव्हा ‘उन्हाळा १९४१’ हा मजकूर मागाहून, स्मरणावर विसंबून लिहिलेला असला पाहिजे.

रंगाच्या बाबतीत तर डोळ्यांवरही विश्वास ठेवण्याची सोय नाही. त्या काळी प्रचारात असलेल्या एका प्रकारच्या फिल्मला तांबडा प्रकाश मुळीच समजत नसे, त्यामुळे तांबडा रंग तीवर काळा उमटे आणि पिवळा काळपट. दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर तोच पिवळा पांढुरका होई. अंकाचा रंग हे तुकडीचे चिन्ह असल्यामुळे ‘काळा सहा’ आणि ‘पिवळा सहा’ ही दोन निराळी विमाने, दोन निराळे वैमानिक, आणि कदाचित दोन निराळी मरणे असतात. शिंपीला रूपे समजणारा वेदान्तातील मनुष्य निदान जवळ जाऊन ती उचलून पाहू शकत होता. येथे शिंप आणि रूपे दोन्ही ऐंशी वर्षांमागे गेलेली.

‘गवय’ नावाचा पशू गाईसारखा असतो असे ज्याला सांगितले आहे, तो रानात गेला असता पुढे आलेल्या जनावरास पाहून ‘हाच तो गवय’ असे म्हणतो. ह्या ज्ञानास नैयायिक उपमान म्हणतात. शत्रूच्या विमानांच्या काळ्या छायाकृती छापून त्या तोफखान्यावरील पोरांकडून पाठ करून घेणे हे उपमानाचेच शिक्षण होते. ब्रिटिश हवाई दलाने १९४१ च्या नोव्हेंबरात डक्सफर्ड येथे १४२६ क्रमांकाची एक निराळी तुकडीच उभारली. हाती लागलेली हाइंकेल, युंकर्स, मेसरश्मिट विमाने, पोटाकडून पिवळी रंगवून आणि अंगावर ब्रिटिश वर्तुळे काढून, ह्या तळावरून त्या तळावर न्यावयाची आणि आपल्याच माणसांना दाखवावयाची, हे तिचे काम. ज्याच्यावर गोळी झाडावयाची त्याचे रूप आधी नीट पाहून ठेवावे, असा त्यातील व्यवहार होता; आणि आपल्याच माणसांची गोळी त्या दाखवावयाच्या विमानांस लागू नये, म्हणून तो पिवळा रंग.

ओळखण्यात चूक झाली म्हणजे काय होते, ह्याचा दाखला आर्मिन फाबर नावाच्या जर्मन वैमानिकाने दिला. १९४२ च्या २३ जून रोजी दक्षिण इंग्लंडवरील झुंज संपवून परत निघालेला हा मनुष्य दिशा चुकला, खाली दिसणाऱ्या ब्रिस्टलच्या खाडीस त्याने इंग्लिश खाडी समजून पार केले, आणि पलीकडची भूमी ती फ्रान्सचीच ह्या निश्चिंतीने वेल्समधील पेंब्री येथील ब्रिटिश तळावर आपले फोके-वुल्फ १९० सुखरूप उतरविले. तळावरील पहाऱ्याच्या अंमलदाराच्या हाती काय लागले, तर इशाऱ्याचे बार उडविण्याचे पिस्तूल. तेच रोखून त्याने ह्या पाहुण्यास कैद केले. ज्या विमानापुढे तेव्हाचे स्पिटफायर टिकत नव्हते आणि ज्याचा एक धड नमुना मिळावा म्हणून ब्रिटिश झुरत होते, ते असे घरबसल्या चालून आले व एमपी ४९९ ह्या नव्या क्रमांकाने सरकारी दप्तरात दाखल झाले. दोरीच्या जागी साप पाहणाऱ्याचे उदाहरण आपण लहानपणापासून ऐकतो. सापाच्या जागी दोरी पाहून ती गळ्यात घालून घेणाऱ्याचे उदाहरण हवे असेल त्याने फाबरची हकीकत वाचावी.

परंतु जात ओळखणे निराळे आणि व्यक्ती ओळखणे निराळे. हे मेसरश्मिट आहे असे म्हणणे सोपे. हे *ते* मेसरश्मिट आहे असे म्हणणे म्हणजे प्रत्यभिज्ञा, आणि तीविषयी आपल्याकडे हजार वर्षे वाद झाला आहे. ‘तोच हा देवदत्त’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘तो’ ही स्मृती आणि ‘हा’ हे प्रत्यक्ष, अशी दोन ज्ञाने शेजारी शेजारी ठेवून आपण त्यांचे ऐक्य केवळ कल्पितो, असे बौद्ध म्हणतात. पूर्वसंस्काराच्या साह्याने झालेले ते एकच प्रत्यक्ष ज्ञान होय, असे नैयायिक म्हणतात. जुन्या चित्रातील विमान ओळखणाऱ्याची गंमत अशी की त्याच्याजवळ स्मृती मुळीच नसते. त्याने ते विमान कधी पाहिलेले नाही. त्याचा ‘तो’ कोणा मेलेल्या कारकुनाच्या नोंदवहीत असतो आणि त्याचा ‘हा’ कोणा मेलेल्या शिपायाच्या कॅमेऱ्यात. ह्या दोन परक्यांची गाठ आपल्या डोक्यात घालून देऊन, वर पुन्हा ‘तोच हा’ असे छातीठोकपणे म्हणावयाचे!

आणि ज्याला ‘तोच’ म्हणावयाचे ते तरी किती ‘तेच’ राहिलेले असते? ‘काळा सहा’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेले, १०६३९ ह्या कारखाना-क्रमांकाचे मेसरश्मिट ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लायप्झिगला १९४२ साली बांधलेले हे विमान त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिबियातील गंबूत येथे ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या तिसऱ्या स्क्वाड्रनला सापडले. तिचा नायक बॉबी गिब्स ह्याने त्यावर आपली अक्षरे रंगविली आणि ते स्वतः उडविले. पुढे ते इंग्लंडात गेले, आरएन २२८ झाले, १४२६ क्रमांकाच्या तुकडीत राहिले, युद्धानंतर अडगळीत पडले, १९७२ पासून रस स्नॅडन आणि त्यांचे सोबती जवळजवळ वीस वर्षे त्याच्या मागे लागले, आणि १९९१ च्या १७ मार्च रोजी ते पुन्हा उडाले. सहा वर्षांनी डक्सफर्डला ते उतरताना उलटले, पुन्हा डागडुजी झाली, आणि आता ते संग्रहालयात स्वस्थ आहे. जमिनीच्या उताऱ्यावर फेरफाराच्या नोंदी चढाव्यात तशा एकावर एक नावांच्या ह्या नोंदी; जमीन मात्र निदान जागची हलत नाही.

ह्याहूनही कोड्यात पाडणारे उदाहरण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातील फोके-वुल्फ १९० चे आहे. ते ९३१८८४ क्रमांकाचे ‘एफ-८’ जातीचे झुंजार बॉम्बफेकी विमान, अशी त्याची नोंद. १९८० ते १९८३ ह्या काळात त्याची दुरुस्ती करताना कारागिरांनी रंगाचा एकेक थर उतरविला, तो खालून आधीच्या खुणा, त्यांच्याखाली आणखी आधीच्या खुणा, अशा निघत गेल्या. मुळात ते ‘ए-७’ जातीचे लढाऊ विमान म्हणून जन्मास आले होते आणि १९४४ साली जर्मनांनीच ते पुन्हा बांधून त्यास नवी जात व नवा क्रमांक दिला होता. अमेरिकनांनी पकडले ते मग कोणते विमान? मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने रथावरून विचारले होते: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला, आणि अखेर रथ हे ह्या सर्वांच्या आश्रयाने चालणारे केवळ नाव आहे, असे त्याने कबूल केले. नागसेनाला फोके-वुल्फ दाखविले असते तर त्याला नवे काही शिकावयाचे राहिले नसते.

वेदान्ताने मात्र नागसेनाच्या वाटेने जाण्याचे नाकारले. ‘तोच हा देवदत्त’ ह्या वाक्यात, आचार्यांचे म्हणणे असे की, ‘तो’ शब्दाने त्या काळाचा व त्या देशाचा देवदत्त सांगितला जातो आणि ‘हा’ शब्दाने ह्या काळाचा व ह्या देशाचा. हे देशकाल परस्परविरुद्ध आहेत, तेव्हा तेवढा विरुद्ध अंश टाकून द्यावा आणि दोहोंत समान असलेला देवदत्ताचा पिंड तेवढा घ्यावा. हिला ते जहदजहल्लक्षणा म्हणतात, आणि जीव-ब्रह्माचे ऐक्य सांगणाऱ्या महावाक्याचा अर्थ ते हिच्याच बळावर लावतात. ब्रह्माच्या बाबतीत ही युक्ती बिनतोड असेल. तेथे बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ‘काळा सहा’ विमानातून लायप्झिग काढा, गंबूत काढा, १९४२ काढा आणि १९९७ काढा, की खाली उरते ते चांगल्या प्रतीचे ॲल्युमिनियम, ज्याची भांडी करता येतील. टाकून द्या म्हणून शास्त्र ज्याविषयी सांगते, तेवढेच त्या विमानाजवळ आपले असे आहे. आणि खरे सांगावयाचे तर देवदत्ताबद्दलही मला हीच शंका अलीकडे येऊ लागली आहे. त्या गावचा आणि त्या सालचा अशी उपाधी काढून घेतल्यावर जो देवदत्त राहील, तो त्याच्या बायकोला ओळखू येईल का?

एकत्वाचा हा प्रश्न केवळ तर्काचा खेळ नव्हे, कारण आपल्याकडे कर्माचा सगळा हिशेब त्यावर चालतो. ज्याने केले तोच भोगणारा नसेल, तर केलेले कर्म फुकट जाते आणि न केलेल्याचे फळ माथी येते. कृतनाश आणि अकृताभ्यागम ह्या दोन दोषांचा धाक घालून नैयायिकांनी क्षणिकवाद्यांना शतकानुशतके सतावले. जड यंत्राला कर्म नाही, हे मान्य. तरी १९४० च्या ९ फेब्रुवारीस स्कॉटलंडात नॉर्थ बेरिकजवळ पाडले गेलेले हाइंकेल घ्या. ब्रिटिशांनी ते दुरुस्त करून एडब्ल्यू १७७ ह्या नावाने वर्षानुवर्षे वापरले. आणि १९४३ च्या १० नोव्हेंबरास पोलब्रुकच्या तळावर उतरताना, त्याच तुकडीचे युंकर्स त्याच धावपट्टीवर समोरून आले म्हणून ते चुकविण्याच्या धडपडीत कोसळून, त्याने आतल्या सात जणांचा जीव घेतला. जर्मनांनी बांधलेल्या विमानाने अखेर दावा साधला, असे लिहिण्याचा मोह कथाकाराला होईल, आणि तो त्याने आवरावा, कारण ज्यांनी ते बांधले त्यांचा ह्या मरणाशी संबंध नाही. पण संचिताची कल्पना मनातून काढून टाकावी म्हटले, तर डॉर्नियर ३३५ आठवते. १९४५ साली अमेरिकेने नेलेले हे विमान १९७४ मध्ये दुरुस्तीसाठी परत जर्मनीस, ज्या कारखान्याने ते बांधले त्याच्याकडे गेले, तेव्हा कारागिरांना असे आढळले की, संकटसमयी वैमानिकास उडी घेता यावी म्हणून मागचे पाते व मागचा पंखा उडवून देण्यासाठी ठेवलेली स्फोटके तीस वर्षे जागच्या जागी तशीच होती. इतक्या हातांतून गेले, इतक्यांनी तपासले, आणि आतले कोणी पाहिले नाही.

ह्या प्रकरणी स्वस्तिकाचाही एक पोटमुद्दा आहे. स्मरणचिन्हे जमविणारे शिपाई जर्मन विमानाच्या शेपटीवरचे स्वस्तिक कापून नेत, आणि त्याबरोबर पुष्कळदा जवळचा अनुक्रमांकही जाई, हे ओळखणाऱ्यांचे नेहमीचे गाऱ्हाणे. साताऱ्याच्या त्या माजघरात देव्हाऱ्यातील कलशावर कुंकवाचे स्वस्तिक आहे, आणि त्याच्यापासून दोन हातांवर टांगलेल्या चित्रातून दुसरे स्वस्तिक कात्रीने गेलेले आहे. आकृती तीच म्हणावी तर फारसा बाध नाही. जर्मन मनुष्य तिला आकडेदार क्रूस म्हणत असे; पण नावही सोडा. ‘तेच हे’ असे मात्र त्या घरात कोणाच्याने म्हणवणार नाही.

पत्राच्या अखेरीस दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की विमान आपल्या चाकांवर उभे आहे आणि त्याच्या पंख्याची पाती सरळ आहेत. गोळी लागून पोटावर उतरलेल्या विमानाची पाती मुडपलेली असतात. तेव्हा हे विमान पाडलेले नसून माघार घेताना टाकून दिलेले असावे. ही गोष्ट मी त्या घरी अद्याप सांगितलेली नाही, आणि हा लेख तेथे पोहोचणार नाही अशी मला आशा आहे. दुसरी गोष्ट तांत्रिक होती. मेसरश्मिट १०९ च्या यंत्रास हवा पुरविणारे जे नळकांडे बाहेर आलेले असते, ते नेहमी विमानाच्या डाव्या अंगास असते. चित्रात विमानाचे नाक उजवीकडे आहे, म्हणजे आपल्याकडे त्याची उजवी बाजू असावयास पाहिजे. आणि तरीही नळकांडे स्पष्ट दिसते आहे. अर्थात निगेटिव्ह पालथी ठेवून ही प्रत छापली गेली. अंक खांद्याआड गेल्यामुळे आणि क्रूस दोहोंकडून सारखाच असल्यामुळे, साठांहून अधिक वर्षे कोणाच्या ते ध्यानात आले नाही. ‘‘शर्टाच्या गुंड्याही उलट्या बाजूस आहेत, पाहावे,’’ असे त्यांनी खाली जोडले होते. प्रियकराचे गुण ऐकून झुरणारी आणि तो पुढ्यात उभा असताना त्यास न ओळखणारी नायिका, उत्पलदेवांनी आपल्या प्रत्यभिज्ञाशास्त्रात दृष्टान्तास घेतली आहे. आम्हां सर्वांची तीच गत झाली होती, एका आजींखेरीज.

माझ्या स्नेह्यांच्या मुलाने त्या चित्राची संगणकावर उलटवून सुलट केलेली प्रत छापून आणली, आणि आम्ही ती मोठ्या समारंभाने आजींच्या हाती दिली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली. विमानाचे नाक आता डावीकडे होते, गुंड्या जागच्या जागी, घड्याळ डाव्या मनगटावर. ‘‘हां, घड्याळ आलं जाग्यावर,’’ त्या म्हणाल्या, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग विचारले, ‘‘पर हे कोन?’’

मुलगा समजावून सांगू लागला की हेच आजोबा, पूर्वीचा फोटो उलटा होता. आजींनी ते ऐकून घेतले, प्रत पालथी केली आणि तिच्या कोऱ्या पाठीवरून बोट फिरविले. ‘‘ह्याच्यावर त्यांचं अक्षर कुटं हाय?’’ असे म्हणून त्यांनी ती परत केली, आणि जुना फोटो खिळ्याला नीट अडकला आहे की नाही, हे पाहण्यास मला उठविले.